फ्यूज बदलताना कोणती दक्षता घ्यावी?

रावेर-यावलचा केळीपट्टा असो वा शिरपूरची बागायत, खान्देशातील शेतीची मदार विजेच्या पंपांवर आहे. ऐन उन्हाळ्यात फ्यूज उडाला, की बाग सुकण्याच्या भीतीने हाती लागेल ती तार अडकवून पंप सुरू केला जातो. शहरातील जुन्या घरांतही हाच प्रकार आढळतो. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागताच स्वतः वितळून वायरीचे रक्षण करणे, हे फ्यूजचे काम होय. म्हणून तो वायरीची क्षमता पाहूनच निवडावा.

किटकॅट फ्यूजमध्ये कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात. ५ अँपिअरसाठी ०.२० मिलिमीटर, १० साठी ०.३५ आणि १५ साठी ०.५० मिलिमीटर जाडीची तार योग्य ठरते. अर्ध्या मिलिमीटरची तार सुमारे २८ अँपिअरला वितळते. एक मिलिमीटरची मात्र सुमारे ८० अँपिअरपर्यंत तग धरते. घरातील दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला एवढा प्रवाह झेपत नाही. परिणामी आवरण पेटते आणि फ्यूज शाबूत राहतो.

पंपाच्या पेटीतील एचआरसी फ्यूजच्या चिनी मातीच्या नळीत वाळू भरलेली असते. ती आतील ठिणगी विझविते. असा फ्यूज उडाल्यास बाहेरून तार गुंडाळू नये. अँपिअर, व्होल्ट, प्रकार व आकार जुळणारा, आयएस १३७०३ मानकाचा नवा फ्यूज बसवावा. तीनपैकी एकच उडाला, तर मोटार दोन फेजवर चालून जळू शकते. त्यामुळे तिन्ही फ्यूज एकदम बदलणे श्रेयस्कर.

सौर पंपाची बाब निराळी आहे. घरगुती वीजप्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझण्यास मदत होते. सौर पॅनेलच्या डीसी प्रवाहात ही सवलत नाही. तेथे त्या व्होल्टेजसाठी बनविलेला डीसी फ्यूजच हवा. वाहनातील वा बोटीतील पात्याचा फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचा असतो. शेकडो व्होल्टच्या सौर मार्गात तो घातक ठरतो.

जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातील पेटी तापून फ्यूज लवकर उडतो. अशा वेळी मोठा फ्यूज बसविण्याऐवजी पेटीला सावली करावी. कारण उष्णतेने वायरीची क्षमताही घटते.

फ्यूज बदलण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. नवा फ्यूजही लगेच उडाल्यास वायरमनकडून दोष शोधून घ्यावा. डीपीवरील फ्यूजला मात्र स्वतः हात लावू नये. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. पाण्याची एक पाळी चुकली तरी चालेल, जिवाशी खेळ नको.