बरणीतला पुरावा

विषबाधेनं कुणी गेलं की पोस्टमॉर्टेमनंतर एक वाक्य कानावर पडतं, "व्हिसेरा राखून ठेवलाय." मग घरचे महिनोन्महिने अहवालाची वाट बघतात. हा व्हिसेरा जातो कुठं आणि ही पद्धत आली कुठून, ते आज बघू.

पूर्वी विष म्हणजे सोमल, धोतरा, बचनाग, अफू. सोमलाची लक्षणं पटकीसारखीच, उलट्या-जुलाब. साथीच्या दिवसांत किती खून पटकीच्या नावावर खपले असतील, देव जाणे! १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं शरीरातला सोमल ओळखायची खात्रीची चाचणी काढली. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाचं काम १८७० च्या सुमारास सुरू झालं. पोलिसांच्या तोंडी असतो तो 'सीए रिपोर्ट' तिथूनच आला.

सोमल केसांत, नखांत, हाडांत वर्षानुवर्षं राहतो. फवारणीचं औषध तसं नाही. (विषालाच आपण औषध म्हणतो, हेही बघा.) स्वातंत्र्यानंतर एंड्रिन, पॅराथिऑन शेतात आलं. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडलेल्या गव्हाच्या पिठानं शंभरावर माणसं गेली. तरी कीटकनाशक कायदा व्हायला १९६८ उजाडलं.

यातली बरीच औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य बंद पाडतात. नसांचा निरोप पोचला की तो पुसायचं काम या द्रव्याचं. ते थांबलं की लाळ, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास कोंडतो. शवविच्छेदनात जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या दाट पाण्यात बरणीत घालतात, रक्त वेगळ्या बाटलीत. वर सील. आपल्या हवेली भागाला जवळची सरकारी प्रयोगशाळा पुण्यात गणेशखिंडला आहे.

पण बरणीत प्रत्येक वेळी विष सापडतंच असं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात कपाशीवर फवारताना शेकडो शेतकरी-मजूर आजारी पडले, वीसहून जास्त गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषध अंगावर, श्वासात. हे विष कुणी प्यायलं नव्हतं. कातडीतून, श्वासातून थोडं थोडं गेलेलं विष, त्यात दवाखान्यात काही दिवस गेले, तर शरीर ते मोडून टाकतं. अशा वेळी जिवंतपणीच रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासलं तर तो पक्का पुरावा. यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात त्या वेळी ही तपासणी झाली नाही. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, पण पुराव्याची वेळ निघून गेली होती.

म्हणून फवारणीनंतर कुणाला मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर औषधाची बाटली किंवा पाकीट लेबलासकट दवाखान्यात न्या. कपडे बदला, अंग साबणानं धुवा. फवारणी केलीय हे केसपेपरवर लिहून घ्या आणि कोलिनेस्टरेजचं रक्त काढायला सांगा. "चक्कर आली" एवढंच लिहिलं तर पुढं तेच नडतं.

याचा संबंध पैशाशीही आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, विषबाधाही त्यात धरतात, पण रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागतात. आणि योजना सातबारा असलेल्याची व त्याच्या घरातल्या एका माणसाची. दुसऱ्याच्या रानात रोजानं पंप पाठीवर घेणाऱ्याचं नाव तिच्यात नाही, त्याला पाणी ओढून देणाऱ्या बाईचं तर नाहीच.