‘नी वार’ : एका चाहतीचा शब्द आणि पात्रांच्या मालकीचा वाद

एखादे पात्र कोणाचे? ते निर्माण करणाऱ्याचे, त्याचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीचे, की त्याच्यावर जीव जडलेल्या वाचक-प्रेक्षकांचे? कायद्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. इतिहासाकडे ते इतके सरळ नाही. आजचा धागा त्याविषयी.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क. प्रेक्षकांचा, विशेषतः स्त्री प्रेक्षकांचा, जीव मात्र जडला तो मिस्टर स्पॉक याच्यावर. पिता व्हल्कन ग्रहाचा, माता पृथ्वीवरची. भावना आहेत, पण त्या दाखवणे निषिद्ध. मालिकेने त्याच्याविषयी अगदी थोडे सांगितले होते, आणि हे अर्धवट सांगणेच चाहत्यांच्या पथ्यावर पडले.

१९६७ साली देवरा लँगसॅम आणि शेर्ना कॉमरफोर्ड या दोन तरुणींनी ‘स्पॉकनेलिया’ काढले. मालिकेच्या चाहत्यांचे हे पहिले नियतकालिक. अशा अंकांना ‘फॅनझीन’ म्हणत. टाइप करायचे, सायक्लोस्टाइल करायचे, स्टेपल मारायची आणि टपालाने पाठवायचे, असा सारा घरगुती मामला. परंतु मजकुराची महत्त्वाकांक्षा घरगुती नव्हती. व्हल्कनांचे शरीरशास्त्र, त्यांची मानसिकता, त्यांचे काव्य यांवर अभ्यासकाच्या गांभीर्याने लिहिले जाई. डोरोथी जोन्स या लेखिकेने तर व्हल्कन भाषाच रचायला घेतली. ‘नी वार’ हा तिचा शब्द. अर्थ, दोन रूपे : एकाच वस्तूच्या दोन भिन्न अंगांची तुलना मांडणारा कलाप्रकार. स्पॉकच्या दुभंगलेल्या स्वभावाला यापेक्षा नेमका शब्द मालिकेच्या लेखकांनाही सुचला नव्हता.

निर्माते जीन रॉडनबेरी यांना हे सारे ठाऊक होते. हे फॅनझीन आपल्या कार्यालयात आवर्जून वाचले जाते, असे त्यांनी स्वतः संपादिकांना कळवले होते. मालिका बंद पडण्याची चिन्हे दिसताच बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली आणि वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला. १ मार्च १९६८ रोजी एनबीसीला मालिका पुढे चालू राहणार असल्याची घोषणा प्रक्षेपणातच करावी लागली. एक वर्षाचे जीवदान मिळाले. १९६९ मध्ये ७९ भागांनंतर पडदा पडला.

आता थोडे मागे, सुपरहिरोंच्या जगात जाऊ. मार्च १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या साथीने ‘ऑल्टर ईगो’ हे कॉमिक्सचे फॅनझीन सुरू केले. १९४० च्या दशकातील विस्मृतीत गेलेल्या नायकांवर दोघांचे निस्सीम प्रेम. थॉमस १९६५ मध्ये मार्व्हल कंपनीत दाखल झाले आणि १९७२ मध्ये मुख्य संपादक झाले. १९६८ मध्ये त्यांनी चित्रकार जॉन बुसेमा यांच्यासह ‘व्हिजन’ हे पात्र आणले, तेही जुन्या काळातील त्याच नावाच्या नायकावरून. चाहत्याने केलेली ही पुनर्कल्पनाच. फरक एवढाच की तिच्यावर कंपनीची मोहोर होती आणि तिचे वेतन मिळत होते.

कॉमिक्सच्या चाहत्यांत पुरुष बहुसंख्य होते, ‘स्टार ट्रेक’च्या फॅनझीनमध्ये लिहिणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. पहिल्यांना धंद्याचे दार उघडे सापडले. दुसऱ्यांपैकी फार थोड्यांना. हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. दार बंद असल्याचा एक लाभ मात्र झाला : संपादकाची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही.

१९७३ साली पॉला स्मिथ यांनी एक इवलीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय वर्षे साडेपंधरा. सर्वगुणसंपन्न, साऱ्या जहाजाची लाडकी, आणि शेवटी सर्वांना रडवून मरणारी. नवोदित लेखिका स्वतःलाच कथेत घुसवतात, यावरची ही घरातलीच चिमटी. पुढे हे नाव कोणत्याही कर्तबगार स्त्री-पात्रावर फेकण्याचा दगड झाले, हे मूळ विनोदावर अन्याय करणारे आहे. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डायान मार्चंट यांची कथा ‘ग्रुप’ या अंकात आली. तीत दोन व्यक्तींची प्रणयी जवळीक होती, पात्रांची नावे नव्हती. ती कर्क आणि स्पॉक यांची होती. या धर्तीच्या कथांना पुढे दोन नावांमधल्या तिरप्या रेघेवरून ‘स्लॅश’ हे नाव पडले. चाहत्यांतच त्यावरून कडाक्याची भांडणे झाली.

कंपन्यांचा धीरही सुटू लागला. १९८१ मध्ये लुकासफिल्मने ‘स्टार वॉर्स’च्या फॅनझीन-प्रकाशकांना लैंगिक मजकुराबद्दल ताकीद दिली. पैसा कोणी फारसा कमावत नव्हते. तंटा होता तो पात्राच्या चारित्र्याचा. ते चारित्र्य ठरवायचे कोणी?

‘नी वार’ हा शब्द मात्र निमूटपणे कुंपण ओलांडून आत गेला. ‘एंटरप्राइझ’ या पुढच्या मालिकेत एका व्हल्कन जहाजाला ते नाव मिळाले. आणि २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी’ मालिकेने भविष्यात खुद्द व्हल्कन ग्रहाचेच नाव बदलले : दुरावलेले व्हल्कन आणि रोम्युलन पुन्हा एकत्र राहू लागलेल्या त्या ग्रहाला आता ‘नी वार’ म्हणतात.