कपाटातली नवरी आणि नवऱ्याचं दिवाळं

आजची गोष्ट एका लग्नापासून सुरू होते.

1789 चा फेब्रुवारी. अमेरिकेत व्हरमाँटमधलं न्यूफेन गाव. हॅना वॉर्ड नावाच्या विधवेचं मोझेस जॉयशी लग्न लागतंय, पण नवरी कपाटात उभी आहे. अंगावर एकही कपडा नाही. कपाटाच्या दाराला भोक, त्यातून तिचा हात बाहेर, आणि तो हात धरून नवऱ्याने लग्न लावून घेतलं. मग आतल्या आत नवे कपडे घालून बाई थाटात बाहेर आली.

हे सगळं कशासाठी? कर्जासाठी. इंग्रजी कायद्याने बायकोचे कपडेसुद्धा नवऱ्याच्या मालकीचे. ते घालून दुसऱ्या घरी गेलं, तर आधीच्या नवऱ्याची मालमत्ता घेऊन आली असं होईल आणि त्याचे घेणेकरी नव्या नवऱ्याच्या दारात उभे राहतील, अशी लोकांना धास्ती होती.

धास्ती काही उगाच नव्हती. त्या कायद्यात लग्न झालं की दोघं मिळून एकच माणूस, आणि तो माणूस म्हणजे नवरा. तिचे पैसे, दागिने, सामान त्याचं. तिची लग्नाआधीची देणीही त्याच्याच डोक्यावर. आता यात दिवाळखोरी टाकून बघा. समजा एकाचं दिवाळं कोर्टात चालू आहे, सुटका झालेली नाही, आणि तो पैसेवाल्या मुलीशी लग्न करतो. तिची रोकड लग्नाच्या क्षणी त्याची होणार, आणि त्याची झाली की घेणेकऱ्यांची! श्रीमंत बाप म्हणून मुलीसाठी आधीच ट्रस्ट करून ठेवायचे. गरीब बापाला ती सोय कुठली?

1870 मध्ये ब्रिटिश संसदेने दुरुस्ती केली. बायकोची कमाई तिची, आणि तिच्या लग्नाआधीच्या देण्यांतून नवरा मोकळा. पण तिची जुनी चीजवस्तू मात्र अजून नवऱ्याकडेच जात होती. म्हणजे बाईने कर्ज काढावं, लग्न करावं. माल नवऱ्याकडे, आणि घेणेकरी हात चोळत बसणार. आमच्या धंद्यात याला एक बग काढताना दुसरा घालणं म्हणतात. चार वर्षांत पॅच आला: बायकोकडून जेवढा माल मिळाला, तेवढ्यापुरता नवरा जबाबदार. मग 1882 मध्ये तिची मालमत्ता खरोखर तिची झाली. पण त्यातच एक कलम होतं. तिने नवऱ्याला धंद्यासाठी पैसे उसने दिले आणि त्याचं दिवाळं निघालं, तर बाकी सगळ्या घेणेकऱ्यांचं भागल्यावर तिचा नंबर. कारण कळतं, नाहीतर प्रत्येक बुडालेला व्यापारी म्हणेल की पैसे बायकोचे होते. तरी मला ते खुपतं.

आपल्याकडे हिंदू कायद्यात स्त्रीधन आधीपासूनच वेगळं. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की दुष्काळ, आजारपण, कैद अशा संकटात नवऱ्याने ते वापरलं तर परत करायची सक्ती नाही. पण ही सवलत नवऱ्यापुरती. त्याच्या घेणेकऱ्यांना तिथे हात घालता येत नाही. अर्थात प्रत्यक्षात कोणाच्या पाटल्या कोणाच्या कर्जापायी मोडल्या, ते घरी आजीला विचारा.

मग 1909 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी दिवाळखोरीचा कायदा आला. सुटका होईपर्यंत दिवाळखोराला जे मिळेल ते ऑफिशियल असायनीच्या ताब्यात. म्हणजे सासऱ्याने जावयाच्या हातात ठेवलेली रक्कमही. शिवाय दिवाळखोर ठरण्याआधीच्या दोन वर्षांत दुसऱ्याच्या नावावर केलेली मालमत्ता परत ओढता येते. त्याला एक सूट आहे: लग्नाआधी आणि लग्नाच्याच मोबदल्यात दिलेली मालमत्ता. लग्नानंतर महिन्याभराने बायकोच्या नावावर फुकट केलेल्या घराला ती सूट नाही.

आणि मंगळसूत्र? 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 सांगतं की धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. बाकी सोनं नवऱ्याचं की तिचं, यावर कोर्टात भांडा.

आता मोबाइल काढा. टर्म इन्शुरन्स घेताना 'एमडब्ल्यूपी अॅक्ट' असा एक चौकोन दिसतो ना, जो आपण न वाचता पुढे ढकलतो? तो 1874 चा भारतातला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नवऱ्याने बायको-मुलांसाठी घेतलेली अशी पॉलिसी हा ट्रस्ट मानला जातो, आणि त्याच्या घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. सुरुवातीला हिंदू, मुसलमान, शीख, जैन नवरे यातून बाहेर होते; मद्रासमध्ये 1913 संपल्यावर आणि बाकी ठिकाणी 1 एप्रिल 1923 पासून त्यांनाही ती सोय मिळाली. मात्र त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय की पॉलिसी घेणेकऱ्यांना फसवायलाच काढली असेल, तर तिच्यातून पैसे वसूल करायचा त्यांचा हक्क कायम राहतो. म्हणजे दिवाळं दिसायला लागल्यावर घाईघाईने त्या चौकोनात टिक करून भागत नाही.