ओपन सोर्समधली बंद पुडी: न वाचता येणाऱ्या बायनरी फाईलवर विश्वास का आणि किती ठेवायचा?

माधवनगर असो, सांगली असो की मिरज, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांकडे एक पेन ड्राईव्ह हमखास असतो. त्यात विंडोज, लिनक्स अशा अनेक सिस्टीमच्या फाईल भरलेल्या असतात आणि हवी ती निवडून मशीन सुरू करता येतं. असा पेन ड्राईव्ह बनवणारं व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ओपन सोर्सही.

पण 2024 मध्ये त्याच्या वापरकर्त्यांनी एक प्रश्न विचारला. व्हेंटॉयच्या कोडसोबत आधीच तयार करून ठेवलेल्या अनेक बायनरी फाईल आहेत, त्या कशापासून बनल्या? त्यात काही घातक सापडलं, असा आरोप नव्हता. आत काय आहे हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही, एवढीच तक्रार होती. मग एवढ्यावरून गदारोळ का झाला?

बायनरी फाईल म्हणजे काय?

प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. त्याचं यंत्राला समजेल अशा आकड्यांत रूपांतर केलं की बायनरी तयार होते. या रूपांतराला ‘बिल्ड’ म्हणतात.

सांगलीकरांना हा फरक हळदीवरून लगेच कळेल. हळकुंड मोडलं की आतला रंग दिसतो. तीच हळद दळून पुडीत भरली की नुसत्या डोळ्यांना भेसळ दिसत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. सोर्स कोड म्हणजे हळकुंड आणि बायनरी म्हणजे बंद पुडी. बायनरीचीही उलटतपासणी करता येते, पण ते काम किचकट आहे आणि मोजक्याच तज्ज्ञांना जमतं.

ओपन सोर्सवरचा विश्वास ‘कोणीही मोडून पाहू शकतो’ या एका गोष्टीवर उभा आहे. कोडच्या ढिगात न उलगडणारी बायनरी ठेवली, तर तेवढ्या भागापुरतं हे आश्वासन संपतं.

एक्सझेड प्रकरणात काय घडलं?

ही भीती कागदावरची नाही, हे 29 मार्च 2024 रोजी जगाला कळलं. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर. दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. माग काढत ते एक्सझेड या फाईल लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोहोचले. जवळपास प्रत्येक लिनक्स सिस्टीममध्ये ते असतं.

एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याला बाधित सर्व्हरवर हवे ते आदेश चालवता आले असते. या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर 10 पैकी 10 गुण मिळाले. सुदैवाने ती मुख्यतः डेबियन, फेडोरा अशा सिस्टीमच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती.

हे काम ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या खात्याचं होतं. या खात्याने 2021 पासून प्रकल्पात योगदान देत मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास कमावला होता. त्यामागे खरं कोण होतं, हे आजही उघड झालेलं नाही.

कोड सगळ्यांसमोर होता, तरी दिसला कसा नाही?

कारण घातक भाग वाचता येणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. तो चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फाईलमध्ये दडवला होता. फाईल लहान-मोठी करणाऱ्या साधनाच्या चाचणीला मुद्दाम बिघडवलेल्या फाईल लागतातच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दुसरी चलाखी त्याहून महत्त्वाची. त्या फाईलमधून घातक कोड बाहेर काढण्याची सुरुवात करणारी ओळ सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे लोक तपासत होते एक आणि सिस्टीममध्ये जात होतं दुसरंच.

भारतात आरोग्य सेतूच्या वेळी हाच मुद्दा निघाला होता. 26 मे 2020 रोजी सरकारने ॲपचा अँड्रॉइड कोड खुला केला. पण फोनमध्ये असलेलं ॲप नेमकं याच कोडपासून बनलंय हे कसं पडताळायचं, असा प्रश्न तज्ज्ञांनी विचारला होता.

मग सगळ्याच बायनरी वाईट का?

नाही. चित्रं, आवाज, फॉन्ट या बायनरीच असतात. वाय-फायसारखे भाग चालवणारं फर्मवेअर अनेकदा कंपन्या बायनरी रूपातच देतात. टेसरॅक्ट या ओपन सोर्स साधनाची छापील मराठी ओळखणारी फाईलही उघडली तर फक्त आकडे दिसतात.

फरक पडतो तो मूळ सामग्री आणि कृती सोबत दिली आहे की नाही याने. पुण्यातल्या रेड हॅटच्या टीमने सांभाळलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट याचं चांगलं उदाहरण. तयार फॉन्टबरोबर त्याच्या संपादन करता येणाऱ्या मूळ फाईलही खुल्या आहेत. शंका असेल त्याने स्वतः फॉन्ट बनवून पाहावा.

यावर उपाय काय?

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे ‘पुनरुत्पादक बिल्ड’. एकाच सोर्स कोडपासून दोन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या मशीनवर बायनरी बनवली, तर ती शेवटच्या बिटपर्यंत सारखी निघाली पाहिजे. डेबियन प्रकल्पात 2013 पासून यावर काम सुरू आहे.

तरी पूर्ण खात्री कशाचीच नसते. बायनरी बनवणारं साधनच फितूर असेल तर? हा प्रश्न केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणातूनच मांडला होता.

दबावाचा मात्र उपयोग होतो. 2023 मध्ये रस्ट भाषेतल्या ‘सर्डे’ या लोकप्रिय प्रकल्पाने आधीच बनवलेली बायनरी द्यायला सुरुवात केली. डेव्हलपरनी हरकत घेतल्यावर काही आठवड्यांतच ती काढण्यात आली. व्हेंटॉयच्या निर्मात्यानेही 2025 मध्ये या फाईलबद्दलच्या शंकांना जाहीर उत्तर दिलं.

तुम्ही काय करू शकता?

- सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल बसवू नका.
- चेकसम जुळवा. पण तो जुळला म्हणजे फाईल वाटेत बदललेली नाही एवढंच कळतं, ती मुळात स्वच्छ आहे हे नाही.
- अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडचा पर्याय आहे. तिथली बहुतेक ॲप सोर्स कोडपासून नव्याने बनवली जातात.
- कोड समजत असेल तर प्रश्न विचारा: ही फाईल कशापासून बनली? माधवनगरपासून जवळच, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. असे गट हे शिकण्याची चांगली जागा आहेत.

एक्सझेडचा चोरदरवाजा सापडला तो एका माणसाने अर्ध्या सेकंदाचा उशीर मनावर घेतला म्हणून. पुढच्या वेळी असा माणूस योग्य जागी असेलच, याची हमी नाही. म्हणूनच ‘पुडीत काय आहे?’ हा प्रश्न म्हणजे निर्मात्यावरचा अविश्वास नव्हे. ओपन सोर्सवर विश्वास ठेवायचा, तर तो विचारावाच लागतो.