मातोश्री अहिल्याबाई : जीर्णोद्धार करणारी आई आणि आजी

॥ श्री ॥

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार श्रीकृपेने, ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदारांच्या उदार हस्ते तडीस गेला आहे. अशा मंगल प्रसंगी, जीर्णोद्धार हे ज्या माउलीने आपल्या आयुष्याचे व्रत मानले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. त्या राणी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या एक सून होत्या, आई होत्या, आजी होत्या, आणि घरातील एकेक माणूस डोळ्यांदेखत जात असता त्यांनी हे कार्य केले, हे सहसा सांगितले जात नाही. ते सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. म्हणजे ही थोर स्त्री आपल्यासारख्याच एका खेड्यातली लेक होती. २०२५ साली त्यांच्या जन्मास ३०० वर्षे झाली. त्यांच्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे.

लहान वयातच त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. पती खंडेराव. १७४५ साली मालेराव हा पुत्र व १७४८ साली मुक्ताबाई ही कन्या झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या असता वृद्ध सासऱ्याने त्यांची विनवणी करून त्यांना मागे फिरविले. पुढे जे जे काही उभे राहिले, त्याचा पाया या एका विनवणीत आहे.

मल्हाररावांनी सुनेला नुसते जगविले नाही, तर कारभारात तयार केले. स्वतः मोहिमेवर असता ते पत्रांतून तिला कामे सांगत. १७६५ सालच्या एका पत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जाण्याचा, तोफखान्याच्या दारूगोळ्याची तजवीज करण्याचा व वाटेवर चौक्या बसविण्याचा हुकूम आहे. घरच्या सुनेवर एवढा विश्वास टाकणारा सासरा आणि तो सार्थ करणारी सून, दोघेही विरळाच.

१७६६ मध्ये मल्हारराव वारले. मालेराव गादीवर आला, पण वर्षही पुरे न होता १७६७ मध्ये तोही गेला. पती, सासरा आणि पोटचा मुलगा असे तीन आघात तेरा वर्षांत झाले. घरात कर्ता पुरुष नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड याने राघोबादादांस चिथावणी दिली व दादा फौज घेऊन आले. बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर जगात हसे होईल, असा निरोप बाईंनी धाडला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी बाईंनी इतर मराठे सरदारांकडे मदत मागितली, स्वतःची फौज सज्ज केली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांची मान्यता मिळविली, हा इतिहास आहे. रक्ताचा थेंब न सांडता दौलत वाचली. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिले. तुकोजी वयाने वडील असूनही बाईंना मातोश्री म्हणत.

बाईंनी नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली. बाहेरगावचे विणकर आणून वसविले, आणि महेश्वरी लुगड्यांवर आजही तेथील कुटुंबे पोट भरतात. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या पश्चात पाव शतकाच्या आत माळव्यातील जाणत्या लोकांना विचारून त्यांचा कारभार लिहून ठेवला. त्याचा ग्रंथ १८२३ साली निघाला. त्यात तो सांगतो की बाई पहाटेपूर्वी उठत, पूजा, पुराणश्रवण व दानधर्म उरकून दुपारी दरबारात बसत आणि रात्री पुन्हा काम पाहत. गरिबातला गरीब त्यांच्यापुढे येऊन गाऱ्हाणे सांगू शके. सारा माफक असे व गावच्या वतनदारांचे हक्क त्या जपत. इंदूरचा देवीचंद सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा तुकोजींनी त्याच्या धनात वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरास आली. बाईंनी तिचा हक्क कायम केला व तुकोजींना हात आखडण्यास लावले. ज्या बाईने स्वतः वैधव्य भोगले, तिने दुसऱ्या विधवेचे घर लुटू दिले नाही.

आता देवळांविषयी. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये बाईंनी पुन्हा उभे केले. सोरटी सोमनाथ येथे जुन्या भग्न मंदिराजवळ १७८३ मध्ये नवे देऊळ बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही होळकरांच्या घराण्यातील या सासू-सुनांच्याच हातचा. पैकी सासूबाई गौतमाबाई यांना पेशव्यांनी १७३४ मध्ये खासगी जहागीर दिली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७६१ मध्ये ती अहिल्याबाईंकडे आली. धर्मकार्याचा खर्च बाईंनी या खासगीतून केला. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. ज्यांना दप्तर सांभाळण्याची सवय आहे त्यांनाच कळेल की दोन हिशेब आयुष्यभर वेगळे ठेवणे हे देऊळ बांधण्याइतकेच कठीण आहे.

दुसरी गोष्ट अशी की बाई देऊळ बांधून मोकळ्या होत नसत. पूजा, नैवेद्य, अन्नछत्र यांसाठी कायमचे उत्पन्न लावून देत. दूरदूरच्या देवस्थानांना गंगाजल पाठवीत. उन्हाळ्यात वाटसरूंस पाणी, नांगर धरणाऱ्याच्या बैलांसही पाणी, थंडीत गरिबांस कपडे. आणि पाखरांना कोणी हुसकू नये म्हणून महेश्वराजवळ उभ्या पिकाची शेतेच राखून ठेवलेली. माल्कम हे सर्व नोंदवितो.

आता आजीची कथा. मुक्ताबाईचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा मुलगा नथ्याबा आजीजवळ वाढला. मुलगा गेल्यावर बाईंच्या सर्व आशा या नातवावर होत्या. तोही ऐन तारुण्यात वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव गेले आणि मुक्ताबाईने सती जाण्याचे ठरविले. बाईंनी राणीपण विसरून लेकीच्या पायाशी विनवणी केली. एकेकाळी सासऱ्याची विनवणी त्यांनी ऐकली होती, परंतु त्यांची विनवणी लेकीने ऐकली नाही. वृद्ध माता चितेपर्यंत चालत गेली. लोकांनी दोन्ही हात धरून तिला आवरले. पुढे तीन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यातून उठल्यावर तिने गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर छत्री बांधविण्यास घेतली.

ही चाल किती क्रूर होती, हे त्या तीन दिवसांवरून कळते. बाईंसारख्या धर्मपरायण मातेनेही लेकीला धर्म म्हणून निरोप दिला नाही. तू जग, असेच सांगितले. आणि ज्या सुनेला सासऱ्याने मागे फिरविले, तिने पुढे एकेचाळीस वर्षे जगून काय केले, ते आपण वर वाचलेच. चितेवर गेलेल्या किती लेकीसुनांच्या हातून काय घडले असते, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे बाईंचे देहावसान झाले. मागे ना मुलगा, ना लेक, ना नातू. तरीही काशीपासून वेरूळपर्यंत घंटा वाजते तेथे त्यांचे नाव निघते.

ग्रामस्थहो, आपल्या देवळाचा कळस आता उभा राहिला आहे. बाईंच्या चरित्रातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात. देवाच्या पैशाचा हिशेब वेगळा व उघडा ठेवावा. वर्षानुवर्षे दिवा लागेल अशी कायम तरतूद आजच करावी. आणि घरातील आई, आजी, सून यांच्या शब्दाला मान द्यावा, त्यांच्या हाती कारभार द्यावा. कारण रंग आणि चुना काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो, पण एका शहाण्या बाईने लावून दिलेली व्यवस्था पिढ्यानपिढ्या टिकते. एवढी बुद्धी आम्हा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.