शेवाळ टाकीबाहेर पडतं तेव्हा

आजचा विषय शेवाळ. घरात प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर हे प्रकरण माहीत असणारच. दगडांवर हिरवे केस उगवतात. उपटा, ब्रशने घासा, आठवड्यात पुन्हा हजर! आमच्या भाषेत सांगायचं तर शेवाळ हा बग नाही, एरर मेसेज आहे. बग पाण्यात असतो: माशांना घातलेलं जादा खाणं, नळाच्या पाण्यातून आलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट. थोडक्यात, खत.

हे ओळखून वॉल्टर एडी या स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास एक भन्नाट गोष्ट केली. त्याने शेवाळालाच नोकरीला ठेवलं. टाकीबाहेर एक जाळी, तिच्यावर प्रखर दिवा आणि वाहतं पाणी. शेवाळ जाळीवर वाढतं, पाण्यातलं खत खातं. ते खरवडून फेकलं की खतही गेलं.

हौशी लोकांनी याच तत्त्वावर आणखी सोपी युक्ती वापरली. बाजूच्या छोट्या टाकीत कॉलेर्पा नावाचं, फर्नसारखं दिसणारं समुद्री शेवाळ लावायचं. भराभर वाढतं, खत शोषतं. उपद्रवी शेवाळावर उपाय म्हणून दुसरं शेवाळ!

पण या कॉलेर्पाचाच एक भाऊबंद, टॅक्सिफोलिया, जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात वाढवला जायचा. दिसायला देखणा, थंडीतही टिकणारा. तिथून तो इतर मत्स्यालयांत पोचला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखाली, भूमध्य समुद्रात तो सापडला. किती? जेमतेम एक चौरस मीटर. तेव्हा हाताने उपटता आला असता. कुणी उपटला नाही. १९८९ पर्यंत तो साधारण एक हेक्टरवर पसरला. टाकीतून आला की नाही यावर वर्षानुवर्षं वाद घातला गेला. १९९८ साली जनुकीय तपासणीत तो मत्स्यालयांतल्या वाणाशी जुळला. तोवर फार उशीर झाला होता.

कॅलिफोर्नियाने हा धडा नीट गिरवला. २००० साली सॅन डिएगोजवळच्या एका खाजणात हेच शेवाळ दिसताच त्यांनी त्यावर ताडपत्र्या टाकून आत क्लोरीन सोडलं. २००६ मध्ये ते पूर्ण संपल्याचं जाहीर झालं. खर्च ७० लाख डॉलरच्या वर! पण जमलं, कारण हालचाल लगेच झाली.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. तामिळनाडूत उत्पन्नासाठी लावलेलं कप्पाफायकस हे परदेशी शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर चढल्याची नोंद २००८ मध्ये झाली.

आता दिव्याचं बघू. शेजारूनच उल्हासची खाडी जाते, ती पुढे ठाण्याच्या खाडीला जोडलेली आहे. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. आपल्या मोऱ्या आणि नाले शेवटी खाडीकडेच जातात. चिखलाच्या खाडीत टाकीतलं शेवाळ तगेलच असं नाही, पण मोनॅकोतही ते तगेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

म्हणून टाकीत आरओचं पाणी वापरा, खाणं कमी घाला, आणि उपटलेलं शेवाळ मोरीत टाकू नका. एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा किंवा कडकडीत उन्हात वाळवा, मग कचऱ्यात. पाच मिनिटांचं काम आहे. समुद्रातून काढायला सहा वर्षं लागतात, आणि तीसुद्धा नशीब असेल तर.

असो. टाकी साफ करायला घ्या.