हॉर्सेलच्या माळावरची वाट

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वोकिंग येते. सरे परगण्यातले हे शहर रेल्वेमुळे वाढले. त्याला चिकटलेले हॉर्सेल हे गाव मात्र त्याहून पुष्कळ जुने. गावाला लागून साडेतीनशे हेक्टरांच्या आसपास पसरलेले एक माळरान आहे, हॉर्सेल कॉमन. रेताड जमीन, जांभळ्या फुलांची हीथरची झुडपे, पिवळा काटेरी गॉर्स, मधूनमधून बर्च आणि पाइनचे रान, आणि या सगळ्यातून गेलेल्या असंख्य पायवाटा. रविवारी लोक कुत्री घेऊन, मुले घेऊन इथे चालायला येतात. पुस्तके वाचणारे येतात ते इथली वाळूची खाण बघायला. वेल्सच्या कादंबरीतले मंगळावरचे पहिले यान इथेच येऊन पडते.

याच माळाच्या कडेला विटांची एक भिंत आहे. भिंतीला घुमटाचे प्रवेशद्वार आहे, कमानी आहेत. इंग्लंडच्या रानात ही मुघल धाटणीची वास्तू आली कुठून, हे समजून घ्यायचे तर आधी मैलभर अलीकडच्या मशिदीपाशी थांबावे लागते.

वोकिंगची शाहजहान मशीद 1889 साली बांधली गेली. मशीद म्हणूनच उभारलेली ही ब्रिटनमधली पहिली वास्तू. ती उभी करणारे डॉ. गॉटलीब विल्हेल्म लाइटनर हे बुडापेस्टच्या पेस्ट भागात ज्यू कुटुंबात जन्मलेले भाषापंडित. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे ते प्राचार्य होते. निवृत्तीनंतर त्यांनी वोकिंगला प्राच्यविद्येची संस्था काढली. मशिदीसाठी मोठी देणगी दिली भोपाळच्या शाहजहान बेगमांनी, म्हणून मशिदीला त्यांचे नाव. ज्यू विद्वान, मुस्लिम राज्यकर्ती स्त्री आणि इंग्रज वास्तुविशारद या तिघांच्या हातून ही मशीद झाली. 1899 मध्ये लाइटनर वारले आणि मशिदीला कुलूप लागल्यासारखे झाले. पुढे लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन यांनी 1912-13 च्या सुमारास ती पुन्हा नांदती केली.

लगेच 1914 चे महायुद्ध आले. फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक जहाजाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणले जात. ब्रायटनच्या राजवाड्याचेच इस्पितळ केले होते. तिथे हिंदू-मुसलमानांची स्वयंपाकघरे वेगळी, पाण्याचे नळही वेगळे. हिंदू आणि शीख सैनिक दगावला की त्याला पॅचम गावाजवळच्या टेकडीवर अग्नी दिला जाई. तिथे आज संगमरवरी छत्री उभी आहे आणि तिच्यापर्यंत शेवटचा टप्पा आजही माळावरच्या वाटेनेच गाठावा लागतो. मुसलमान सैनिकाची मय्यत मात्र वोकिंगला येई, कारण मशीद इथे होती आणि जनाजाची नमाज पढवणारा इमाम इथे होता.

दफन कुठे करायचे हा प्रश्न साधा राहिला नाही. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता. इंग्रज तुमच्या मृतांना धर्माप्रमाणे मूठमातीही देत नाहीत, असा प्रचार जर्मन करत होते. वोकिंगचे इमाम मौलवी सदरुद्दीन यांनी सैनिकांसाठी स्वतंत्र आणि सन्मानाची जागा हवी, असा आग्रह धरला. सरकारलाही या प्रचाराला उत्तर हवेच होते. हॉर्सेलच्या माळाचा एक तुकडा निवडला गेला, इंडिया ऑफिसच्या वास्तुविशारदाने नकाशा काढला आणि 1917 पर्यंत कमानी-घुमटांचे हे कब्रस्तान पुरे झाले. यात माणुसकी किती आणि मुत्सद्देगिरी किती, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही होत्या, एवढे नक्की. दोन्ही महायुद्धे मिळून 27 मुस्लिम सैनिकांच्या कबरी या जागेशी जोडल्या गेल्या.

युद्धे संपली. ज्या साम्राज्यासाठी ही माणसे मेली ते साम्राज्यही संपले. कबरींवर फातिहा पढायला येणारे कुणी जवळ नव्हते. त्यांची आई-बापे, बायका-पोरे हजारो मैलांवर, आणि बहुतेकांना ही जागा पृथ्वीच्या पाठीवर कुठे आहे हेही माहीत नसणार. भिंत होती, घुमट होता, पण राबता नव्हता. रिकाम्या जागेत नासधूस करणारे शिरले, कबरींची मोडतोड होऊ लागली. अखेर 1960 च्या दशकाच्या शेवटी सैनिकांचे अवशेष काही मैलांवरच्या ब्रुकवुड लष्करी दफनभूमीत हलवावे लागले. भिंतीच्या आत राहिले गवत आणि झाडोरा. दगडविटांचे संरक्षण पुरे पडले नाही, कारण माणसांची पावले थांबली होती.

इथे इंग्लंडच्या पायवाटांचा कायदा आठवतो. त्या देशात शेतातून, कुरणातून, खासगी जमिनीतूनही लोकांना चालण्याचा हक्क असलेल्या वाटा आहेत. इंग्लंड आणि वेल्स मिळून त्यांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. हा हक्क बहुतेक ठिकाणी कुणी कागदावर लिहून दिलेला नाही. एखाद्या वाटेने लोक 20 वर्षे सलग, उघडपणे, बळजबरी न करता आणि कुणाची परवानगी न मागता चालत आले, आणि मालकाने तशी मनाई कधी स्पष्ट केली नाही, तर ती वाट लोकांची झाली असे कायदा मानतो. 1932 च्या कायद्याने हे सूत्र पक्के केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डर्बीशरच्या किंडर स्काउट डोंगरावर शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून चढले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. 1949 च्या कायद्याने वाटांची नोंद अधिकृत नकाशांवर करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. म्हणजे आधी पाय, मग हक्क, मग नकाशा, असा हा क्रम आहे.

हॉर्सेलच्या कब्रस्तानाचे पुढे काय झाले ते याच क्रमाने बघता येते. माळाची देखभाल करणारी हॉर्सेल कॉमन प्रिझर्वेशन सोसायटी ही गावकऱ्यांची जुनी संस्था. वोकिंगची नगरपालिका आणि वारसा जपणाऱ्या संस्था यांच्यासोबत कामाला लागून पडक्या भिंतीची आणि घुमटाची दुरुस्ती झाली. नोव्हेंबर 2015 मध्ये तिथे शांतता उद्यान खुले झाले. आत पाण्याचा लांबट हौद आहे, 27 सैनिकांची नावे कोरलेली शिळा आहे आणि हिमालयातल्या जातीची 27 बर्च झाडे आहेत. पुढे मशीद, हे उद्यान आणि ब्रुकवुडची दफनभूमी यांना जोडणारी मुस्लिम वारशाची पायवाट आखली गेली. ब्रुकवुडच्या आतल्या कबरींसाठी दुसरी वाट आहे. आज माळावर फिरायला आलेला कुठल्याही धर्माचा माणूस सहज आत डोकावतो, नावे वाचतो. पावले परत आली आहेत.

ब्रुकवुडची वाट तर आपल्याला थेट मुंबईत आणून सोडते. ही दफनभूमी 1854 मध्ये सुरू झाली. लंडनहून मृतांना घेऊन येणारी खास रेल्वे इथे येत असे. लाइटनर यांनी मुसलमानांसाठी इथे जागा मिळवली होती. स्वतः लाइटनरही ब्रुकवुडलाच आहेत. कुराणाचे इंग्रजी भाषांतर करणारे मार्माड्यूक पिक्थॉल इथे विसावले आहेत. पाद्र्याचा हा मुलगा सफोकच्या खेड्यात वाढला, 1917 मध्ये त्याने इस्लाम जाहीरपणे स्वीकारला आणि 1920 मध्ये तो मुंबईला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक म्हणून आला. आधीचे संपादक हॉर्निमन यांना सरकारने हद्दपार केले होते. खिलाफत आणि असहकाराच्या ऐन धामधुमीत या इंग्रज मुसलमानाने गांधीजींची बाजू घेत चार वर्षे ते पत्र चालवले. तिथून तो निजामाच्या हैदराबादेत गेला. त्याचे भाषांतर 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे भाषांतरकार अब्दुल्ला युसूफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले. 1953 च्या डिसेंबरात ते लंडनमध्ये एकाकी अवस्थेत वारले. तेही इथेच आहेत. ज्यांची पुस्तके आपल्या कपाटात आहेत ती दोन माणसे एका इंग्रज रानाच्या सावलीत झोपली आहेत.

तरीही इंग्लंडचा डोंगर-माळ नेमका कुणाचा, हा प्रश्न संपलेला नाही. 2021 च्या नाताळच्या दिवशी शंभरहून अधिक मुस्लिम तरुण-तरुणी पीक डिस्ट्रिक्टच्या मॅम टॉर टेकडीवर एकत्र चालायला गेले. त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर त्यांना वंशद्वेषी शिवीगाळ झाली. तुमचे इथे काय काम, असा तिचा सूर. त्या तरुणांनी चालणे सोडले नाही, हे त्याचे योग्य उत्तर. पण हॉर्सेलची भिंत त्याहून जुने उत्तर देते. यांचे आजोबा-पणजोबा या मातीत शंभर वर्षांपूर्वीच आले होते, आणि तेही याच देशाच्या गणवेशात.

यात आपल्यासाठीही काही आहे. वापरातून हक्क निर्माण होतो हे तत्त्व आपल्या कायद्यालाही अनोळखी नाही. पिढ्यान्‌पिढ्या मशीद वा कब्रस्तान म्हणून वापरात असलेली जागा, दस्त नसला तरी, त्या वापरामुळेच वक्फ मानली जात होती. 2025 च्या दुरुस्तीने ही तरतूद यापुढच्या काळासाठी वगळली. आधी नोंद झालेल्या जागांना संरक्षण आहे, पण वादात असलेल्या आणि सरकारी ठरणाऱ्या जागांना ते नाही. या बदलावर मतभेद आहेत आणि न्यायालयात लढाईही आहे. ती लढली पाहिजेच. पण त्यासोबत स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: आपल्या गावच्या जुन्या कब्रस्तानात आपण शेवटचे कधी गेलो होतो? मय्यत सोडून? तिथे कोण झोपले आहे, कुणाची कबर कुठली, हे किती जणांना सांगता येईल? किती ठिकाणी त्याची लेखी नोंद आहे?

हॉर्सेलमध्ये सरकारने बांधलेली भिंत 50 वर्षे पुरली नाही. गावकरी तिथे पुन्हा जाऊ लागले तेव्हा ती जागा वाचली. कबरी हलल्या त्या हलल्या, पण नावे तरी परत आली. आपल्याकडे कबरी अजून जागेवर आहेत. नावे सांगणारी म्हातारी माणसेही काही गावांत अजून आहेत. त्यांच्यासोबत एकदा वही घेऊन चालत जायला हवे.